तात्या, नंबर शाबूत आहे

तात्या, तुमचं दुकान पुन्हा उघडलं. तोच गाळा, तीच उंबऱ्याची फरशी, जिच्यावर तुम्ही कुणालाही बंदुकीचं तोंड टेकवू द्यायचा नाहीत. भाऊ मागच्या वर्षी तुमच्याकडंच आलाय, त्यानं सांगितलं असेलच. पण त्याच्या सांगण्यात निम्मं तिखटमीठ असायचं हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून मी माझं वेगळं कळवते. बंदुका दुरुस्त करायचा परवाना आता माझ्या नातीच्या नावावर आहे. थोरल्या लेकाची मुलगी. होय, मुलगी. जरा टेकून बसा, मग पुढचं ऐका.

हे मी सांगते आहे आणि तीच लिहिते आहे. मी "न्हाई" म्हटलं की ही "नाही" लिहिते. मी "लय" म्हटलं की हिचा पेन जरा अडखळतो आणि "फार" लिहून पुढं जातो. म्हटलं, अगं बये, तात्यांना वाटेल मी मरायच्या वयात कॉलेजात जाऊन आले. तर म्हणाली, "आजी, तू सांग गं, बाकीचं मी बघते." तेव्हा तात्या, जिथं मजकूर फार गोरा दिसेल तिथं तो हिचा समजा, आणि जिथं टोचेल तिथं माझा. तुम्ही भाऊला शाळेत घातलंत, मला नाही. भाऊ शाळा चुकवून संगमावर डुंबायला जायचा आणि मी दुकानात बसून नळ्या घासायचे. दोघांचंही शिक्षण झालं म्हणायचं, हजेरी तेवढी चुकीच्या ठिकाणी लागली.

आधी जुनं सांगते, कारण त्याशिवाय नव्याची गोडी कळायची नाही. दसऱ्याच्या आधीचे दिवस. मी दहा-अकरा वर्षांची. खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून गावोगावच्या परवानावाल्यांच्या बंदुका आपल्याकडं येऊन पडलेल्या. रानडुकरांच्या राखणीसाठी ठेवलेल्या, वर्षभर आढ्याला टांगलेल्या, धुरानं आणि दमट हवेनं तांबड्या झालेल्या. तुम्ही नळी घासून साफ करायचा, तिला औषध लावून मुद्दाम बारीक गंज आणायचा, मग लांबोडक्या पत्र्याच्या ताटात ती उकळायची, मग वर आलेली काळी साय ब्रशनं काढायची. असं सहा-सात वेळा, तेव्हा कुठं नळीवर तो जांभळट काळा रंग बसायचा. ताट लांब, म्हणून ते दोन्ही चुलींवर आडवं. भाताचं आधण खाली उतरवून ठेवलेलं. आई म्हणायची, "ह्या घरात मान्सापरीस बंदूक आदी जेवती."

त्यात तुम्ही दोन-तीन दिवस कुठंतरी गेलात आणि मला वाटलं, आपण एक नळी तुम्ही यायच्या आत लख्ख करून ठेवावी. दोन दिवस घासते आहे. सगळी चकाकते आहे, फक्त मागच्या अंगाला बारीक वरखडे आहेत, ते काही जात नाहीत. मी घासायचे कागदावर कागद फाडते आहे. शेवटी वरखडे गेले. तुम्ही आलात, नळी दाराकडं धरलीत, शाबासकीसाठी मी मान वर केली, आणि तुमचा अंगठा मागच्या अंगाला एका जागी थांबला.

"हितं काय हुतं?"

"वरखडे हुते तात्या. लय खोल. दोन दीस लागलं."

तुम्ही खाली बसलात. बंदुकीचा नंबर होता तो. परवान्याच्या पुस्तकात एक, कचेरीच्या रजिस्टरात एक आणि नळीवर एक. तिन्ही जुळले तर बंदूक खरी, नाहीतर बंदूक चोरीची आणि दुकानदार चोर. दसरा झाला, दिवाळी आली, तरी तुम्ही कचेरीच्या पायऱ्या चढत होता. आई देव पाण्यात घालून बसली होती, दुकान जातंय म्हणून. रजिस्टरातली जुनी नोंद सापडली, साहेबासमोर नंबर पुन्हा ठोकला, आणि दुकान वाचलं. साहेबाला तुम्ही सांगितलंत, माझाच हात घसरला. मला कुणी बोट लावलं नाही. मार मिळाला असता तर मी तो विसरले असते. तो मिळाला नाही, म्हणून ते अजून लक्षात आहे.

मग एक दिवस तुम्ही मला दारात बसवलंत, मांडीवर एक गंजकी नळी दिलीत आणि डोळे मिटायला लावलेत. "अक्षर वाचता येत न्हाई तर नखानं वाच. जे रांगंत बसलंय ते मान्सानं केलंय. जे वाकडंतिकडं पळतंय ते गंजानं. गंज घालव, मान्साचं ठेव." एवढंच. तात्या, शाळेत घालायचं सोडून तुम्ही मला नख वाढवायला सांगितलंत. तेव्हा राग आला होता, आता हसू येतं. पण त्या एका दुपारी जे शिकले ते आजवर पुसलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही शिसवीचा ठोकळा माझ्या मुठीच्या मापानं कापून दिलात. खाली कातडं डकवलेलं, त्याच्यावर कागद गुंडाळून घासायचं, म्हणजे बोटांच्या खाली खड्डे पडत नाहीत. आणि उजव्या अंगाचा एक कोपरा तिरपा छाटलेला, म्हणजे नंबराजवळ आलं की तो कोपरा पुढं करायचा आणि कागद नंबरावर चढायचाच नाही. मी डावरी. तुम्ही मुद्दाम उजव्या हाताचा केलात, सवय सुटावी म्हणून. सवय सुटली नाही, हे तुम्हालाही माहीत होतं. तुम्ही नसलात की मी तो उलटा धरायचे.

लग्न झालं, सांगलीकडं नांदायला गेले. पण पंचमीला माहेरी आले की भाऊनं चार नळ्या माझ्यासाठी राखून ठेवलेल्या असायच्या. बाकीच्या माहेरवाशिणी झोके खेळायच्या, मी घासकाम करायचे. गिऱ्हाईकांना वाटायचं भाऊचा हात काय सफाईदार! भाऊही मान डोलवायचा. नात आयटीआय करून फिटर झाली, आणि एका उन्हाळ्यात भाऊकडं म्हणून गेली ती तिथंच रमली. भाऊचे गुडघे गेलेले, तो खुर्चीत बसून ओरडायचा आणि ही करायची. नाटकातला राजा बसतो तसा बसायचा हो. तो गेल्यावर दुकानाला कुलूप लागलं. परवाना हिच्या नावावर व्हायला कचेरीनं पुष्कळ फिरवलं, पण पोरीनं सोडलं नाही. पायऱ्या चढायचं घराण्यातच आहे.

तर परवाना आला, आणि प्रश्न पडला की सुरुवातीला सामान काय घ्यायचं. भाऊच्या हत्यारांतलं निम्मं झिजलेलं. माझा लेक, म्हणजे हिचा बाप, साखर कारखान्यात मशिनवर आयुष्य घालवलेला माणूस. त्याला हातानं करायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. त्यानं मोबाईलवर एक बफिंगची मोटर शोधून काढली. दोन्ही बाजूंना कापडी चाकं, आणि ती इतकी जोरात फिरतात की नुसती बघून घेरी यावी. म्हणाला, "आये, तुजं आठ दिसाचं काम हे अर्ध्या दिसात करतंय."

"आन् उरल्याल्या साडेसात दिसांत काय करायचं? पस्तावायचं?"

"तुजं म्हंजे कसं हाय..."

"माजं कसं हाय ते हातात नळी घे, मग सांगते."

नात मधे. तिला बापाचंही पटत होतं, माझंही. दुकान नवं, हात नवा. यंत्र नसेल तर लोक हसतील असं तिला वाटत होतं. शेवटी ठरलं, सांगलीला मशिनरीच्या दुकानात जायचं आणि डोळ्यांनी बघून घ्यायचं. मी म्हटलं मीही येणार. लेक म्हणाला, "तू येऊन काय करणार?" म्हटलं, गाडीत जागा अडवीन.

निघताना मी पिशवीत एक पट्टी टाकली. लोखंडाची वीतभर पट्टी, नात आयटीआयला असताना अक्षरं ठोकायला शिकत होती तेव्हाची. तिच्यावर तिनं गंमत म्हणून स्वतःचा फोन नंबर ठोकला होता, शेजारी स्क्रूचं एक भोक, आणि कडा कानशीनं चाकूसारख्या सरळ केलेल्या. दुकानदार मोठा गोड माणूस. आल्या आल्या मला खुर्ची, पंखा, चहा. "आजी, तुम्ही निवांत बसा, आम्ही साहेबांना दाखवतो." साहेब म्हणजे माझा लेक. दुकान जिच्या नावावर ती पोरगी उभी, आणि साहेबाला पॉलिशची लाल वडी, हिरवी वडी, खरखरीत चाक, मऊ चाक सगळं दाखवणं चाललंय. मी चहा संपवला, पिशवीतून पट्टी काढली आणि म्हटलं, "भाऊसाहेब, एवढी जरा चमकवून दाखवा की."

त्यानं मोठ्या हौसेनं मोटर लावली. चाकाला वडी घासली, पट्टी टेकवली, ठिणग्या नाहीत, आवाज नाही, नुसती एक घूंऽऽ. चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पट्टी आरशासारखी. लेक माझ्याकडं असा बघतोय की जणू मोटर त्यानंच जन्माला घातली. दुकानदार म्हणाला, "बघा आजी, तोंड दिसतंय!"

"दिसतंय खरं. आता ती वरच्या ट्यूबलायटीकडं धरा."

त्यानं धरली. उजेडाची रेघ पट्टीत सरळ पडायला हवी ना, ती नदीच्या पाण्यावर पडावी तशी वाकडी हलत होती. भोकाच्या कडा बशीसारख्या आत बसलेल्या. चाकूसारखी कड साबणाच्या वडीसारखी गोल. तो ओशाळला, पण धंद्यातला माणूस, म्हणाला, "आजी, ही चाकं जरा कडक होती. मऊ मागवून ठेवतो, तुमचा नंबर द्या, आली की कळवतो."

"नंबर पट्टीवर हुता की," मी म्हटलं. "तुमीच आत्ता पुसला."

तात्या, तो हसला बघा, अगदी खुर्चीला धरून हसला. नात हसली. लेकाचं हसू जरा उशिरा आलं, पण आलं. मग दुकानदार गल्ल्यामागून बाहेर आला आणि मला म्हणाला, "आवं आजी, तुमीच सांगा काय दिऊ." तेव्हा नातीनं पुढं होऊन यादी सांगितली, मी नाही. नळी आवळून धरायला चांगला व्हाइस, आणि त्याच्या जबड्याला लावायला कातडं, म्हणजे नळीला दात लागत नाहीत. सपाट कानस, अर्धगोल कानस, आणि कानशीच्या फटी साफ करायचा ब्रश. घासायचा कागद जाड्यापासून बारकापर्यंत, मधला एकही टप्पा न गाळता, कारण गाळलेल्या टप्प्याचे ओरखडे काळा रंग चढल्यावर हसत वर येतात. दुकानदारानं गरम क्षाराची टाकीही दाखवली, तीत बुडवलं की नळी तासाभरात काळी. पोरगी म्हणाली, "आमच्याकडं जोडनळ्या जास्त येतात. दोन नळ्या कथलाच्या डाकानं जोडलेल्या असतात, तो क्षार डाक खाऊन टाकील. आम्ही पाण्यातच उकळणार." हे मी शिकवलं नव्हतं, भाऊनंच शिकवलं असणार. खुर्चीत बसून ओरडणं अगदीच वाया गेलं नाही म्हणायचं.

मग तिनं एक छोटी, हळू फिरणारी मोटर मागितली आणि तिला केसासारख्या मऊ तारांचं चाक. मी लगेच, "ते कशाला?"

"आजी, हे घासायला नव्हे. उकळल्यावर वर साय येते ना, ती काढायला."

"साय म्या ब्रशनं काढली हाय जल्मभर."

"आणि खांदा धरून बसलीयेस जन्मभर."

मोटर आली. मोठी बफिंगची मोटर तिथंच राहिली, आणि कापडी चाकं नंतर कधीतरी, स्क्रूच्या डोक्यांसारख्या किरकोळ कामाला, हात बसल्यावर घ्यायची असं ठरलं. लांब ताट कऱ्हाडातल्या पत्र्याच्या कारागिराकडून करून घेतलं, तुमच्या ताटाच्या मापानं. माप कुठून मिळालं विचाराल तर माझ्या आठवणीतून: दोन चुली आणि मधे बसलेली आई.

दुकान उघडलं तरी गिऱ्हाईक येईना. येणारे उंबऱ्याशी थांबायचे, आत पोरगी बघायचे, "मालक न्हाईत व्हय?" विचारायचे आणि परत जायचे. तसाच म्हसवडकडून एक म्हातारा सुभेदार आला, फौजेतून निवृत्त झालेला, मिशा अजून नोकरीत. वडिलांची बाराबोरची जोडनळी घेऊन. लाकडी दस्ता ठीक, नळ्या तांबड्याभडक. खंडेनवमीला देव्हाऱ्यापुढं ठेवायची होती, वडिलांच्या माघारी पहिल्यांदा. त्यानंही तेच विचारलं. नात म्हणाली, "मालक मीच." तो माझ्याकडं वळला, "आवं आजी, ही पोर करंल व्हय?"

"तुमी फौजेत गेला तवा तुमाला बंदूक येत हुती का?"

"न्हाई."

"मग कुणीतरी हातात दिलीच की."

तो मिशीत हसला, पण नळी सोडेना. "नंबर गंजाखाली गेलाय. परवाना आता माझ्या नावावर करायचाय. नंबर जुळला न्हाई तर बंदूक जमा होईल. बापाची येवढीच वस्तू राह्यलीया, पोरी." मग पोरीनं त्याच्यासमोर परवान्याचं जुनं पुस्तक उघडून नंबर आपल्या वहीत उतरवून घेतला, तशीच पावती दिली. बंदूक जमा झाली तर त्याच्या बापाची आठवण जाणार, आणि नंबर तिच्या हातून गेला तर तिचा नवा परवाना जाणार. तो गेल्यावर ती मला म्हणाली, "आजी, नाही म्हणायला हवं होतं का?" आणि ती खाली बसली, माझ्या हातून नंबर गेला तेव्हा तुम्ही बसला होतात तशी.

आम्ही काम सुरू केलं. लांब अंगावर ठोकळ्यानं, नळीच्या लांबीनं, मग पुढचा बारीक कागद जरा तिरका, म्हणजे आधीचे ओरखडे राहिलेत की गेलेत ते दिसतं. ही पण डावरी आहे, तात्या. ठोकळा तिच्या मुठीत असा बसतो की बघत राहावं. नंबराच्या जागेला मात्र कागद लावायचा नाही. तिथं तेल सोडायचं, मुरू द्यायचं, आणि बाभळीच्या काट्यानं एकेका खाचेतला गंज उकरायचा, तुमची रीत. काटा लोखंडाला बोचत नाही, गंजाला बोचतो. आकडे एकेक वर आले. आकडे मला नोटांवरून, एसटीच्या पाट्यांवरून कळतात. शेवटी एक इंग्रजी अक्षर होतं. हिनं भिंग लावून बघितलं आणि चेहरा उतरला.

"आजी, पुस्तकात आर आहे. नळीवर पी दिसतंय."

"म्हंजी?"

"म्हणजे जुळत नाही. खाली एक वाकडी चीर आहे फक्त, गंजाची. ती घासून घेते, निदान पी तरी स्वच्छ दिसेल, मग बघू कचेरीत काय सांगायचं ते." आणि तिनं बारीक कागदाची पट्टी उचललीसुद्धा.

"हात मागं घे!"

एवढ्या जोरात मी लेकावर कधी ओरडले नसेन. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं, तरी भिंगातून मला मुंगी आणि म्हैस सारखीच. मी डोळे मिटले आणि नख लावलं. गंजाचे खड्डे सगळीकडं, वेडेवाकडे, कडा चुरलेल्या. पण ती चीर? तिच्या दोन्ही कडा सारख्या खोल, सरळ धार, आणि बरोबर त्या अक्षराच्या कंबरेतून निघून खाली रांगेच्या ओळीवर येऊन थांबलेली. गंज ओळीवर येऊन थांबत नाही, तात्या. गंजाला रांग कळत नाही.

"हे मान्सानं केलंय," मी म्हटलं. "सरळ काठी हाय, वर पोट हाय, आन् खाली एक पाय पुढं टाकलाय, चालाय निघाल्यावानी."

मग पोरीनं पुन्हा तेल सोडलं, काटा घेतला, आणि मी नख जिथं ठेवीन तिथं ती उकरत गेली. जेवणवेळ टळली. पायाच्या टोकाचा गंजाचा शेवटचा कण निघाला तेव्हा ती भिंगावरून उठली आणि मला मिठी मारली, तेलाच्या हातांनी, धुतल्या लुगड्यावर. "आर आहे, आजी! आर आहे!" म्हटलं, असंल बाई. मला काय कळतंय?

पुढचं सगळं तुमच्यासारखंच. औषध, गंज, उकळणं. स्वयंपाकघरात गॅसच्या दोन्ही शेगड्यांवर लांब ताट, सूनबाई पुरणाची डाळ घेऊन उभी. "आत्याबाई, आदी पुरण शिजवायचं का बंदूक?" मला हसू आवरेना. आईचं बोलणं या घरी कुणी आणून ठेवलं कुणास ठाऊक. आणि ते मऊ तारांचं चाक. सांगते, पण भाऊला सांगू नका. पहिल्या वेळी मी ब्रशनं एका अंगाची नळी केली आणि पोरीनं चाकावर दुसऱ्या अंगाची. तिची माझ्याहून सारखी आली. चाक हळू फिरतं, सगळीकडं एकाच मायेनं फिरतं. माझा खांदा एका जागी जास्त दुखतो, एका जागी कमी. दुसऱ्या वेळी मी म्हटलं, माझीही तूच कर. लेक दारात उभा राहून बघत होता, तो आत आला आणि त्यानं माझ्या हातातला ब्रश काढून ठेवला. शहाणा झालाय. सहाव्या उकळीला नळ्यांवर तो जांभळट काळा रंग उतरला, आणि मला तुमचा वास आला, तेलाचा आणि वाफेचा.

खंडेनवमीला सकाळीच सुभेदार आला, कडक इस्त्रीत. गावातले चार परवानावाले बरोबर, बघ्यांसारखे. पोरीनं बंदूक उघडून, आत काही नाही हे दाखवून, त्याच्या हातात दिली. त्यानं तुमच्यासारखीच दाराकडं धरली. चौकटीची सावली नळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणल्यासारखी सरळ. मग त्याचा अंगठा मागच्या अंगाला गेला. मी मान वर केली होती, तात्या, दहा वर्षांची होऊन. अंगठा नंबरावरून हळूहळू गेला, शेवटच्या अक्षराशी थांबला, आणि त्यानं खिशातून पुस्तक काढून ताडून बघितलं. एकदा, परत एकदा. मग बंदूक बगलेत घेतली, टाच जुळवली आणि पोरीला खडखडीत सलाम ठोकला.

"मालक," तो म्हणाला, "बापाची बंदूक पोचली."

बरोबरच्या चौघांपैकी दोघांनी तिथल्या तिथं विचारलं, आमची कधी आणू? तिसरा म्हणाला, मी तर घेऊनच आलोय, गाडीत आहे. आता कोपऱ्यात सहा बंदुका रांगेत आहेत आणि पोरगी गिऱ्हाइकाला "दिवाळीनंतर या" म्हणते. मला हे वाक्य ऐकायला इतकं गोड लागतं की मी तिला मुद्दाम दोनदा म्हणायला लावते.

सुभेदार गेल्यावर हत्यारांची पूजा झाली. पाटावर व्हाइस बसेना म्हणून त्याला जागेवरच हळदकुंकू. कानशी, काटे, नवी मोटर, मऊ चाक. लेकानं मोटरीला सगळ्यात मोठं फूल वाहिलं. आणि मधोमध ठोकळा. नातीनं त्याला झेंडूचा हार घातला, डोकं टेकवलं आणि येईल त्याला सांगत सुटली, "हा माझ्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं केलाय. ते डावरे होते, म्हणून कोपरा डाव्या अंगाला छाटलाय. मीही डावरी आहे, आमच्या रक्तातच आहे ते." सगळे हात जोडत होते. मीही जोडले.

आता तात्या, एक सांगायचं राहिलं. तुम्ही दिलेला ठोकळा नाही हा. तो सासूबाईंनी माझ्या पहिल्याच पावसाळ्यात चुलीत घातला. ओलं सरपण पेटेना, आणि त्यांना तो लाकडाचा तुकडाच दिसला. नवी सून काय बोलणार, माझ्या बापानं दिला म्हणून? पुढं या लेकाचा पाळणा मोडला, तेव्हा त्याच्या खुराचा तुकडा घेऊन मी दुसरा केला. विळ्यानं छाटला, विटेवर घासला, जुन्या चपलेचं कातडं लावलं. या वेळी कोपरा माझ्या हाताच्या बाजूला छाटला. आणि ह्या पोरीनं लहानपणी विचारलं, आजी, हा कुणी केला, तर तोंडातून तुमचं नाव गेलं. पुढं तिनं विचारलं, पणजोबा डावरे होते का? म्हटलं, व्हय, डावरेच. मेल्यावर तुम्हाला डावरं केलं, तेवढं पोटात घाला.

हिचा पेन थांबलाय. ठोकळ्याकडं बघते, माझ्या डाव्या हाताकडं बघते, परत ठोकळ्याकडं. "आजी, हे लिहू?"

म्हटलं, लिही. पत्र पोचणार असतं तर मी सांगितलं असतं होय?